मेमरीच्या पट्टीला ग्रीस

फॉन्स किओच्या हातची एखादी वस्तू गंजून वाया गेली असं गॅनेट कोव्हमध्ये कुणाला म्हणता आलं नसतं. पण माणसाचा गुणच कधी कधी त्याच्या पायात येतो. हे फॉन्सला कळेपर्यंत आठवडा उलटला, सगळं गाव कामाला लागलं आणि लोरेटाचा चांगल्यातला टेबलक्लॉथ कायमचा गेला.

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर गाव समुद्राला इतकं चिकटून आहे की धुक्याच्या दिवसांत खिडकीची काच चाटली तर खारट लागते. तिथे लोखंड टिकत नाही, तांबं टिकत नाही आणि दाराची बिजागरी म्हाताऱ्या माणसाच्या आधी कुरकुरायला लागते. म्हणून तिथला माणूस धातूचं काहीही बसवायचं झालं की आधी त्याला ग्रीस चोपडतो. बोटीची बॅटरी असो, दिव्याचा होल्डर असो, नाहीतर पत्रपेटीची कडी असो. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तसं ते आहे. हात धुतले हे कुणी कुणाला सांगत बसत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

तर झालं असं, की फॉन्सचा मुलगा जेरार्ड पोटासाठी दूर अल्बर्टात राहत होता, आणि त्याला मुलगी झाली. किओंच्या घरातली पहिली नात. येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा होता. लोरेटाचा गुडघा नुकताच नवा बसवलेला, त्यामुळे डॉक्टरांनी विमानाचं नाव काढू दिलं नव्हतं. त्यात एप्रिलचा बर्फ खाडीत येऊन बसलेला, म्हणजे फेरीबोटही बंद. गावात मोबाइलची रेंज यायची ती कबरस्तानाच्या टेकडीवर, तीही वारा पडलेला असला तर. राहता राहिला घरातला कॉम्प्युटर.

तो होता म्हातारा. व्हिडिओ कॉल लागायचा, सून 'हॅलो' म्हणायची आणि तोंड उघडं ठेवून तशीच थिजायची. बाळाचा कधी कान दिसायचा, कधी अर्धं कपाळ. मागून आवाज यायचा, "आई, हसली बघ, बघितलंस का?" आणि लोरेटा पडद्यावरच्या न हलणाऱ्या दुपट्याकडे बघून म्हणायची, "हो रे, बघितलं." नात जन्माला आल्यापासून तिने तिचा चेहरा एकदाही हलताना पाहिला नव्हता. जेरार्ड म्हणाला की कॉम्प्युटरची मेमरी कमी पडते आहे, नवी पट्टी टपालाने पाठवतो, बाबांना नुसती खाचेत बसवायची आहे.

उताराच्या खाली सिल बॅरन राहायचा. त्याच्याकडे नवा, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर होता. फॉन्स आणि सिल यांनी अर्धं आयुष्य एका बोटीवर काढलं होतं, आणि उरलेलं अर्धं त्या बोटीवर जास्त कोण राबलं याच्या वादात. सिलने निरोप धाडला की माझ्याकडे या, खुर्च्याही भरपूर आहेत. त्या खुर्च्यांचा उल्लेख फॉन्सला झोंबला. त्याने मास, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं की रविवारी नातीचा बाप्तिस्मा आमच्याच घरी दिसेल, ज्याला यायचं त्याने यावं, चहा मिळेल. अशा गोष्टी पायऱ्यांवर बोलू नयेत. पायऱ्यांवर बोललेलं परत घेता येत नाही.

पट्टी आली, कशीबशी, बर्फातून. फॉन्सने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून केकच्या साच्यात ठेवले. चष्मा पुसला. पट्टीच्या एका कडेला ओळीने सोनेरी दात होते, इतके कोवळे आणि चकचकीत, की त्यांना खाऱ्या हवेत उघडे ठेवायची कल्पनाच त्याला सहन होईना. जेरार्डने फोनवर बजावलं होतं, बाबा, नाजूक वस्तू आहे, जपून हाताळा. आता जपायचं म्हणजे आणखी काय करायचं? त्याने शेडमधून ग्रीसचा डबा आणला, बोटावर चांगला गोळा घेतला आणि एकेक दात निगुतीने माखला. थोडं ग्रीस खाचेतही भरलं. मग पट्टी आत सरकवली. ती इतकी अलगद गेली, की त्याला वाटलं, याला म्हणतात काम.

कॉम्प्युटर सुरू झाला. जुनी मेमरी त्याने दाखवली, नवीचं नावही घेतलं नाही. पाहुणा बाकावर येऊन बसलेला आणि घरचे विचारतायत, कोण आलंय का, असा प्रकार. फॉन्सने बंद केला, लावला. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. यंत्र आपल्या मतावर ठाम.

गॅनेट कोव्हमध्ये दार वाजवून येतो तो परका, नाहीतर पोलीस. त्यामुळे फॉन्सने मान वर केली तेव्हा गस त्याच्या मागेच उभा होता, आणि किती वेळ उभा होता कोण जाणे. गसने जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेली. त्याने काही न विचारता पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली, बोटाने दात चाचपले, आणि एखाद्या डॉक्टरने वाईट बातमी सांगण्याआधी घ्यावा तसा एक श्वास घेतला. ग्रीस कुठलं वापरलंस, असं विचारलं. फॉन्स म्हणाला, शेडमधलं. गसने मान हलवली. ते साधं ग्रीस दाराच्या बिजागरीला ठीक, पण एवढ्या नाजूक कामाला खास माल पाहिजे. तो घरी गेला आणि बोटीच्या गाड्याच्या चाकांना लावतात ते निळं ग्रीस घेऊन आला, जे समुद्रात बुडालं तरी सुटत नाही. आधीच्या थरावर त्याने हा दुसरा थर चढवला, आणि खाचेतही सढळ हाताने भरला.

यंत्राने याही पाहुण्याला ओळख दाखवली नाही. गसने निकाल दिला की दोष यंत्रात आहे, पट्टीत नाही, आणि चहा पिऊन गेला. फॉन्सला बरं वाटलं. जाणत्या माणसाने आपल्याच मताचं बोलावं यासारखा आधार नाही.

दुसऱ्या दिवशी विनीमावशी आली. गावात वयाने मोठी बाई सगळ्यांचीच मावशी असते, पण विनीमावशी खुद्द पाद्रीबाबांचीही मावशी होती. तिने खुर्ची ओढली, चहात डब्यातलं घट्ट दूध ओतलं, आणि सांगितलं की पट्टीला थंडी बाधली आहे. बर्फातून आलेली वस्तू, लगेच कामाला कशी लागेल? माणूस तरी लागतो का? पट्टी एका बशीत घालून चुलीजवळ ठेवली गेली. ती इतकी छान शेकली की दोन्ही ग्रीसं वितळून एकजीव झाली आणि जिथे पोचायची राहिली होती तिथेही पोचली.

एवढ्यावर मावशी थांबली नाही. तिच्या बहिणीने एकदा सेंट जॉन्सहून मांजर आणलं होतं. ते नव्या घरात आल्याआल्या जे पलंगाखाली शिरलं ते काही केल्या बाहेर येईना. घरातले जितकं बोलवत तितकं ते आत सरके. शेवटी सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, तेव्हा कुठे ते आपल्या पायाने आलं. हे ऐकून झाल्यावर, ती संध्याकाळ फॉन्स, लोरेटा आणि विनीमावशी अशी तिघंजण कॉम्प्युटरकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसली. मधूनच मावशी कुजबुजायची, "वळू नको रे, वळू नको." फॉन्स कडेकडेने वळून बघायचाच. पुढे कितीतरी दिवस मावशी म्हणायची की ते त्या बघण्यानेच बिघडलं.

मग फॉन्सने भिंतीवरच्या तारेच्या फोनवरून पट्टी बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. हे काम किती लांबेल याची त्याला कल्पना नव्हती, म्हणून त्याने उभ्याउभ्याच लावला. थोड्या वेळाने खुर्ची घेतली. त्याच्याही नंतर उशी घेतली. फोनमधलं संगीत लोरेटाला पाठ झालं आणि ती बटाटे सोलताना ते गुणगुणायला लागली. अखेर एक गोड आवाजाची मुलगी आली आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. वायर जोडली आहे का? पट्टी योग्य खाचेत आहे का? पट्टी स्वच्छ आहे का? या प्रश्नावर फॉन्स दुखावला. त्याने तिला सांगितलं की बाई, पट्टी मी माझ्या हातांनी नीट तयार करून बसवली आहे, आणि नंतर एका इंजिनच्या माणसाने ती पुन्हा तयार केली आहे. मुलगी म्हणाली, छान, म्हणजे स्वच्छ आहे, आणि पुढच्या प्रश्नाला गेली. तिचं काही चुकलं नाही. ग्रीस लावलंय का, असं विचारायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ग्रीस लावलंय असं सांगायचं फॉन्सला सुचलं नाही.

तिने तक्रार वरच्या माणसाकडे दिली. वरचा माणूस म्हणाला, बंद करून लावून बघा. मग म्हणाला की बदलून देऊ, पण मूळ चंदेरी पाकिटात घालून परत पाठवा. त्या पाकिटाचा चकचकीतपणा बघून फॉन्सने त्यात कधीच गळ भरून ठेवले होते आणि पाकिटाची चाळण झाली होती. वरचा माणूस म्हणाला, मग त्यावर मला माझ्या वरच्यांना विचारावं लागेल. फॉन्सने त्याला विचारलं, खाडीतला बर्फ कधी हटेल हे तुझ्या वरच्यांना ठाऊक असेल का? पलीकडे पुन्हा संगीत सुरू झालं.

एव्हाना गावात सगळ्यांना सगळं कळलं होतं. कुणी भाजलेला पाव घेऊन यायचं, कुणी तळलेले कणकेचे गोळे आणि काकवी. जो तो पट्टी काढून बघायचा, 'ग्रीस तर व्यवस्थित आहे' म्हणायचा आणि परत घालायचा. लोरेटाच्या आईने विणलेल्या टेबलक्लॉथवर निळी बोटं उमटत गेली. फॉन्सचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललं. चर्चच्या पायऱ्या त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

शनिवारी जेवण झाल्यावर तो पुन्हा केकच्या साच्यातले स्क्रू चिवडायला बसला, तेव्हा लोरेटाने तिची काठी त्या साच्यावर आडवी ठेवली.

"फॉन्स, मला कॉम्प्युटर बघायचा नाहीये. मला पोर बघायची आहे."

ती आवाज चढवून बोलली असती तर तो वाद घालत बसला असता. त्याने कोट घातला आणि उतार उतरला.

सिल चुलीपाशी मोजे वाळवत बसला होता. फॉन्सने बर्फाबद्दल सांगितलं. सिलने वाऱ्याबद्दल सांगितलं. बर्फ आणि वारा संपल्यावर सिलने चुलीत लाकूड सारलं. मग फॉन्सने नाक मुठीत धरून जे बोलायचं ते बोलून टाकलं, सगळं चुलीलाच. सिल खुर्च्यांवरून काहीतरी बोलणार, या तयारीने त्याने खांदे आवळून घेतले होते.

सिलने एवढंच विचारलं, "लोरेटाचा गुडघा हा उतार उतरेल का?"

फॉन्सच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. उतारावर बर्फाची साय धरलेली. काठी टेकवत बाई उतरली असती तर थेट खाडीत गेली असती. तो नाही म्हणाला. सिलने मोजे उलटे केले आणि म्हणाला, बरं, मग उद्या मासनंतर घरीच थांब. यातून काय घ्यायचं ते न कळल्याने फॉन्स परत चढून आला आणि लोरेटाला सांगितलं की सिलचं काही सांगता येत नाही.

रविवारी फॉन्स मासला गेला. लोरेटा घरी राहिली आणि तिने टेबल आवरायला घेतलं. सगळं गाव चहाला येणार होतं, आणि बरबटलेल्या टेबलावर चहा देणाऱ्या बायका वेगळ्या, ती त्यांच्यातली नव्हती. टेबलक्लॉथ तिने एका कोपऱ्यात टाकला. स्क्रू धुतले. मग पट्टी हातात आली. काटे-चमचे धुवायचे आणि हे निळं लिबलिबीत ध्यान तसंच ठेवायचं, हे तिच्याने होईना. फडक्याने पुसलं, तरी चिकट लागलं, म्हणून जखमेला लावायचं स्पिरिट घेऊन एकेक दात घासला. खाच दिसली, तर जुना टूथब्रश स्पिरिटात बुडवून तीही आतून लख्ख केली. सगळं वाळू दिलं. वस्तू जिथली तिथे गेली पाहिजे, म्हणून पट्टी खाचेत ठेवून लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवावं तशी अंगठ्यांनी दाबली. कट्ट असा आवाज आला. काही मोडलं की काय या भीतीने तिने कॉम्प्युटर लावून बघितला.

फॉन्स घरात आला तेव्हा ती हात पुसत होती आणि पडदा उजळला होता. त्याने चष्मा लावून वाचलं. जुनी मेमरीही होती आणि नवीही होती, शेजारी शेजारी.

"काय केलंस?"

"घाण होती, पुसली."

"घाण कसली? ग्रीस होतं ते."

"मग मी काय लोणी म्हणतेय?"

फॉन्स खाली बसला. गसने, विनीमावशीने, त्या गोड आवाजाच्या मुलीने आणि तिच्या वरच्या माणसाने मिळून जे जमलं नाही ते त्याच्या बायकोने पाहुणे यायचेत म्हणून केलं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही. आता सिलकडे जायला नको, खुर्च्या नकोत, काही नको. चर्चच्या पायऱ्यांवर दिलेला शब्द खरा झाला होता. सगळ्या गावाला हा पडदा दाखवायला तो खिडकीकडे वळला आणि तिथेच थांबला.

उतारावरून मिरवणूक येत होती. पुढे गस, काठीने बर्फ ठोकत. त्याच्या मागे सिलची चार चाकी गाडी, गाडीला जोडलेली घसरगाडी, आणि तिच्यावर रजईत गुंडाळलेला सिलचा मोठा कॉम्प्युटर. दोन्ही बाजूंनी माणसं रजई धरून चालत होती. मागे विनीमावशी कीबोर्ड शालीत घेऊन, नवजात बाळ छातीशी धरावं तसा. वरून अर्धा पाऊस, अर्धा बर्फ पडत होता. रजईचं एक टोक अपुरं पडलं होतं, आणि त्या कोपऱ्यावर सिलची टोपी ठेवली होती. सिल स्वतः बाजूने बोडक्या डोक्याने चालत होता. मासची वेळ सोडली तर त्याचं टक्कल गावाने कधी पाहिलं नव्हतं. आता ते ओलं होऊन चमकत होतं.

फॉन्स हे बघत राहिला. मग त्याने वाकून आपल्या कॉम्प्युटरची वायर ओढून काढली, आणि कोपऱ्यातला निळ्या बोटांचा टेबलक्लॉथ उचलून त्याच्यावर टाकला. लोरेटाने ते बघितलं आणि किटली चुलीवर ठेवली.

दार न वाजवता सगळे आत आले. सिलने डोकं पुसत विचारलं, "झाला का सुरू तुझा?"

"कुठला रे," फॉन्स म्हणाला. "मेलाय तो."

मग सिल बॅरनने आपला कॉम्प्युटर मांडला, आणि मांडताना जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पडदा केवढा आहे, रंग कसे आहेत, माणसाने वस्तू घेताना एकदाच घ्यावी पण बघून घ्यावी. फॉन्सने माशाच्या यकृताचं तेल गिळावं तसे हे सगळे घोट एकेक करून गिळले, आणि गंमत म्हणजे शेवटचे शेवटचे त्याला कडू लागले नाहीत.

अल्बर्टातलं चर्च दिसलं. सून दिसली, तोंड मिटून. पाद्रीने डोक्यावर पाणी ओतलं तशी पोर जी किंचाळली, ती थांबेचना. तिचे हात हलत होते, पाय झटकत होते, लाल झालेला चेहरा क्षणाक्षणाला बदलत होता, आणि एकदाही, एकदाही तो थिजला नाही. सगळं स्वयंपाकघर हसायला लागलं. लोरेटाने बोट पुढे करून पडद्यावरच्या त्या गालाला लावलं. सिल आपल्या पडद्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याने लोरेटाची खुर्ची आणखी पुढे सरकवून दिली आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ नाक शिंकरत उभा राहिला.

चहा झाला, पाव संपला, माणसं पांगली. सिल रजई घडी करायला राहिला. फॉन्सने दुसरं टोक धरलं.

"खालच्या वळणावरूनच मला तुझ्या खिडकीतून कॉम्प्युटर लागलेला दिसला होता," सिल रजईकडे बघत म्हणाला.

फॉन्सच्या हातातलं टोक सुटलं. "मग बोलला का नाहीस?"

"निम्मा चढ चढलो होतो. परत कोण उतरवणार?" सिलने पडलेलं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. "आणि तू का नाही बोललास?"

फॉन्सने रजईची शेवटची घडी घातली. गॅनेट कोव्हमध्ये आभार मानायची रीत नाही. माणसं जेवायला थांबवतात. तो म्हणाला, खारवलेलं मांस शिजतंय, कोबीही आहे, तिघांना पुरून उरेल. सिल म्हणाला, थांबतो, पण त्याआधी ते फडकं काढ आणि तुझा डबा लाव, माझ्यापेक्षा किती मागे आहे ते तरी बघू दे.

फॉन्सने वायर जोडली. लोरेटाने जेरार्डला पुन्हा बोलावलं. पडद्यावर पाळणा आला, पाळण्यात पोर, गालाखाली मूठ. तिघं पुढे वाकले. काहीच हललं नाही. बराच वेळ काहीच हललं नाही.

"अडकला बघ," सिल समाधानाने म्हणाला. "सांगत होतो मी."

फॉन्सचा चेहरा पडला. त्याचा हात बटणाकडे गेला, तसा लोरेटाने तो वरच्यावर धरला.

"गप बसा रे दोघं," ती म्हणाली. "झोपलीय ती."

आणि पोरीने तोंड भरून जांभई दिली.